टायरला तेल

आगपेटीतली एक काडी घ्यायची, उलटी धरून टायरच्या खाचेत घालायची आणि गुल कितपत बुडतो ते बघायचं. नव्या टायरमध्ये गुल पुरता नाहीसा होतो. गुल सगळाच्या सगळा बाहेर दिसू लागला की समजावं, पावसात ही गाडी आपलं ऐकणार नाही. ही परीक्षा मला तीन वर्षांपूर्वी एका टायरवाल्याने शिकवली आणि तेव्हापासून आमच्या घरात आगपेटी कधी पुरत नाही.

काल संध्याकाळी वाडीतल्या पत्र्याच्या छपराखाली उकिडवा बसून मी चारही टायरांना काडी लावून पाहिली. गुल बाहेर. चारही ठिकाणी. मृग लागला आहे, चौपाटीकडून येणाऱ्या वाऱ्याला मिठाचा ओला वास आहे, आणि मुंबई महाराष्ट्राची झाली म्हणून गिरगावात लागलेली तोरणं अजून एखाद्या गॅलरीच्या कठड्याला लोंबत आहेत. लोक आनंदात आहेत. मी मात्र काडी हातात धरून हिशेब करत होतो की सोमवारी आमच्या लेकीला, बेबीला, तिच्या आईबरोबर डॉक्टरीणबाईंकडे परळला न्यायचं आहे, आणि वाटेत लालबाग आहे.

काळजी करणं हा माझा स्वभावही आहे आणि पोटाचा धंदाही. फोर्टातल्या एका विमा कचेरीत मी मोटारींच्या अपघातांचे कागद तपासतो. पावसाळ्यात माझ्या टेबलावर कागदांचा ढीग चढतो आणि प्रत्येक कागदात तेच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत असतं. रस्ता ओला होता, ब्रेक लावला, गाडी थांबली नाही. दिवसभर हे वाचून घरी येणाऱ्या माणसाला पाऊस कसा दिसत असेल? आमच्या वाडीत पहिली सर आली की पोरं अंगणात धावतात, बायका वाळवणं उचलायला धावतात, आणि मी खिडकीत उभा राहून ट्रामचे रूळ बघतो. रस्त्याच्या पोटात बसवलेले ते रूळ एरवी दिसतही नाहीत. पाण्याने ते चकाकायला लागतात, आणि त्यांच्या दोन्ही अंगांचा घडीव काळा दगडही.

अपराधी वाटायला मला कारण लागत नाही. शेजाऱ्याची चहाची बशी फुटली तरी ती मीच फोडली असं मला वाटतं. पण तीन वर्षांपूर्वीच्या त्या पावसाळ्यात मला एक कारण होतं, किंवा निदान मी ते कारण म्हणून धरून ठेवलं होतं.

त्याच्या दीड वर्ष आधी, हिवाळ्यात, मुंबई पेटली होती. हरताळ, अश्रुधूर, संचारबंदी. ज्या दिवशी कुमुदला, माझ्या बायकोला, दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, त्या दिवशी गिरगावात एक चाक फिरत नव्हतं. मी ऑपेरा हाउसच्या नाक्यापर्यंत धावलो, ग्रँट रोडच्या पुलापर्यंत धावलो. ट्राम नाही, टॅक्सी नाही, व्हिक्टोरियावाल्यांनीही घोडे सोडून ठेवलेले. परत आलो तेव्हा वाडीतल्या बायकांनी करायचं ते केलं होतं. कुमुद वाचली. मूल रडलंच नाही.

परळच्या डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, "गाडी मिळाली असती तरी ते वाचलं नसतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." कुमुदने ते ऐकून मान हलवली. मीही हलवली. पण माझा त्यावर विश्वास बसला नाही. आणि रागवायचं तर कोणावर? हरताळ आमचाच होता. त्याच्या आदल्या आठवड्यात माझे वडील, अण्णा, सत्तरीच्या वयात छत्री घेऊन सभेला गेले होते आणि घोषणा देऊन घसा बसवून आले होते. कुमुद स्वतः मोर्चात चालणार होती, पोट आडवं आलं म्हणून राहिली. ज्या गोष्टीवर आपण मनापासून प्रेम करतो तिनेच आपली वाट अडवली, तर माणसाने काय करायचं? आमच्या घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोललं नाही. अण्णा तर कशाबद्दलच बोलेनासे झाले. सकाळचा फेरफटका बंद, वाचनालय बंद. झोपाळ्यावर बसायचे, आणि झोपाळाही हलायचा नाही.

पुढच्या वर्षी कुमुदला पुन्हा दिवस गेले. तिला माहेर उरलं नव्हतं. आईवडील लवकर गेले. बाळंतपण परळच्याच बाईंकडे करायचं असं तिने सांगितलं, आणि त्यात वाद नव्हता. महिने मोजले तर श्रावण येत होता, भर पावसाचा. मी त्याच आठवड्यात गाडी घेतली.

गाडी म्हणजे काय, दादरच्या एका पारशी म्हाताऱ्याची जुनी इंग्लिश गाडी. तिचा हॉर्न दमेकऱ्यासारखा वाजे. वाडीत ती शिरली तेव्हा तळमजल्यावरच्या मनूताई पदर खोचून बाहेर आल्या.

"भाऊ, ही चालवत आणलीत की ढकलत?"

"चालवत."

"मग घाम का आलाय एवढा?"

मनूताईंना सगळ्यात आधी दिसलं ते हे. कुमुदने गॅलरीतून पाहिलं आणि हसली. अण्णा जिना उतरून खाली आले. कितीतरी महिन्यांनी ते खाली आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली, मडगार्डवर बोट फिरवलं आणि बोटाची धूळ बघितली. मग टायरकडे वाकून म्हणाले, "हे तर माझ्या डोक्यासारखे झालेत."

खरंच टायर तुळतुळीत होते. खाच म्हणून नव्हतीच. आणि गाडी घेताना माझ्याजवळची गंगाजळी जवळजवळ आटली होती. नवे विलायती टायर माझ्या ऐपतीच्या पलीकडचे. आता स्वस्तातले असे टायर शोधायचे होते जे पावसात धरतील.

लॅमिंग्टन रोडच्या बाजूला टायरांची चार-सहा दुकानं होती. मी प्रत्येकात जाऊन आलो आणि रोज रात्री अंथरुणात पडून मनातल्या मनात टायर बदलत राहिलो. जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेले टायर सगळ्यात स्वस्त. पण ते रबर भर रस्त्यात सालासारखं सुटलेलं मी कागदांत वाचलं होतं. दोनच चांगले घ्यावेत आणि जुने दोन तसेच ठेवावेत, असंही कचेरीतला एक जण म्हणाला. पण चांगले दोन पुढे लावायचे की मागे? पुढची चाकं वळवतात, मागची सावरतात. मला तर दोन्ही हवं होतं. शेवटी मी जयंतीभाईंच्या दुकानात पोचलो.

त्यांच्या दर्शनी काचेच्या जागी फळ्या ठोकलेल्या होत्या. काच दंगलीत गेली होती. त्या फळ्यांकडे न बघण्याचा मी प्रयत्न केला, आणि तो त्यांच्या लक्षात आला.

"बघा ना सायब, लाजू नका. काच परत बसवीन. पयले मुंबई कोनाची ते ठरू द्या," ते म्हणाले. त्यांचं मराठी असं, आणि ते बोलायला त्यांना मजा यायची. "मुंबई तुमची झाली तरी टायर माझ्याकडूनच घेनार ना?"

मी काय पाहिजे ते सांगितलं. स्वस्त पाहिजे, ओल्या रस्त्यावर धरणारा पाहिजे, ट्रामच्या रुळांवर घसरायला नको.

"सायब, एक काय ते बोला. टिकनारा पायजे का थांबनारा पायजे? दोन्ही पायजे तर बापाची इस्टेट पायजे."

मग त्यांनी दोन टायर पुढे ठेवले. किंमत जवळपास सारखीच. एकाचं रबर कडक. नख रुतत नव्हतं. नक्षी जाड आणि साधी. हा वर्षानुवर्षं जाईल, म्हणाले. दुसऱ्याचं रबर मऊ, अंगठ्याने दाबलं की किंचित दबत होतं, आणि त्यावर बारीक नागमोडी चिरांची दाटी. हा लवकर झिजेल. पण ओल्यात पकडेल. चिरांच्या कडा रस्ता धरतात आणि खाचांतून पाणी बाहेर जातं, असं त्यांनी तळहात काउंटरवर दाबून, मग बोटं फाकवून दाखवलं.

मी ठरवायला दोन दिवस मागून घेतले.

घरी अण्णांना विचारलं. आमच्या घरात कुठल्याही वस्तूबद्दल पहिला प्रश्न एकच असतो. टिकेल का? आमची शिसवी कपाटं तीन पिढ्यांची. माझी मुंजीतली पळी अजून वापरात. अण्णा म्हणाले, "झिजणारी वस्तू मुद्दाम विकत घ्यायची? काय बोलतोस काय तू?"

त्यांना कसं सांगणार, की मला तो टायर एकाच दिवसापुरता हवा होता. तो दिवस श्रावणात केव्हातरी येणार होता. त्याच्यानंतर चारही टायरांची माती झाली असती तरी माझी हरकत नव्हती.

त्या दोन दिवसांत पाऊस येऊन गेला, वळवाचा, पण चांगला रस्ता भिजवणारा. मी कचेरीतून परस्पर लालबागला गेलो. परळच्या वाटेवर मला भीती होती ती त्याच तुकड्याची. तिथे रूळ वळतात, दगड गुळगुळीत झालेला, आणि मसाल्याच्या गिरण्यांसमोर हातगाड्यांची ये-जा. एका चाळीच्या कोपऱ्यावर छत्री धरून मी उभा राहिलो आणि गाड्या ब्रेक कशा लावतात, किती सरकतात, हे बघत बसलो. हवेत भिजलेल्या मातीच्या वासात मिरच्यांचा ठसका मिसळला होता. मला शिंका येत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी.

चाळीच्या पायरीवर तिघेजण बसले होते, गिरणीतून सुटून आलेले. त्यांतला एक बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"काय ओ सायबानूं, कोणाची वाट बघतास?"

"कोणाची नाही. गाड्या बघतोय."

"गाडये बघतत," तो शेजाऱ्याला म्हणाला. "छत्री घेवन, वाकान, गाडये बघतत." मग मला, अगदी सभ्यपणे, "सायब, नाक्यावरच्या चौकीत सांगा, आज सभा नाय हा. उद्या आसा. उद्या येवा."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ते मला साध्या कपड्यातला पोलीस समजत होते. त्या दिवसांत तसे बरेच फिरत. मी घाईघाईने सांगितलं, बायको बाळंत व्हायची आहे, परळला न्यायची आहे, टायर घ्यायचे आहेत. हे सगळं एका दमात सांगितल्यावर ते पोलिसाच्या थापेपेक्षाही अविश्वसनीय वाटलं असणार. मग तो पहिला उठला, रस्त्याकडे हात करून म्हणाला, "थंय, त्या वळणार, रुळाक तिरकस जाव नको. रूळ आडवो कापायचो. माजो भाव टॅक्सी चालवता." आणि परत बसताना, "पोलीस आसलास तरी बायलेक सांभाळा."

दुसऱ्या दिवशी मी मऊ टायर घेतले. चारही.

आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे प्रत्येक वस्तूला तेल लागतं. कपाटांना, झोपाळ्याच्या कड्यांना, दारांच्या बिजागऱ्यांना, छत्रीच्या काड्यांना, चपलांच्या अंगठ्यांना, शिवणयंत्राला. आजोबा करत, मग अण्णा करू लागले. ओल आत शिरायच्या आधी तेल आत शिरलं पाहिजे, असं ते म्हणत. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कशालाच तेल लावलं नव्हतं, आणि बिजागऱ्या पावसाळाभर कण्हत राहिल्या होत्या.

मृगाच्या पहिल्या शनिवारी मी कचेरीतून अर्ध्या दिवसाने परतलो आणि गाडी काढली, सवय राहावी म्हणून. रिमझिम होती. वाडीच्या फाटकातून बाहेर पडताना समोरून ट्राम येताना दिसली. ब्रेक लावला. गाडी थांबली नाही. अगदी हळू, एखाद्याने पाटावरून ओढावी तशी ती पुढे सरकत राहिली आणि रुळाच्या वीतभर अलीकडे कशीबशी थबकली. ट्रामचा ड्रायव्हर घंटा बडवत, मला काहीतरी म्हणत निघून गेला. माझे पाय ब्रेकवरून निघेनात.

मी तसाच जयंतीभाईंच्या दुकानात गेलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. त्यात "तुम्ही लोक" असे दोन शब्द होते. त्या वर्षी ते दोन शब्द हवेतच होते, कोणाच्याही तोंडात शिरत होते. माझ्या तोंडात शिरले याचं मला आजही वाईट वाटतं. जयंतीभाई काउंटरमागून उठले. बाहेर येऊन त्यांनी चाकावर बोट फिरवलं, खोल चिरेत नख घातलं आणि नाकाशी नेलं. चेहरा बदलला.

"खोबऱ्याचं तेल," ते म्हणाले. "सायब, टायरला अभ्यंग कोनी घातलं?"

मी गाडीत बसून परत आलो. परत येताना ब्रेक चांगला लागत होता. वरचं तेल रस्त्याने पुसून नेलं होतं. वाडीत अण्णा माझी वाट बघत होते. त्यांच्या हातांना वास येत होता. इतक्या महिन्यांनी त्यांचे डोळे जागे दिसले.

"बघितलेस का? सकाळी चारही टायर चोळून काढले. पाठपोट. चिराचिरांत तेल घातलंय, ओल शिरायची नाही. तुझं ते मऊ रबर आता टिकतं की नाही बघच. दर शनिवारी करीन म्हणतो."

सांगायचं होतं, आणि सोपं होतं. अण्णा, टायरला तेल लावत नसतात, एवढंच. पण ते बोलत होते. दीड वर्षाने असं भरभरून बोलत होते. झोपाळ्याला तेल लागलं होतं आणि तो हलत होता. त्या मुलाचं दुःख त्यांनी कुठे ठेवलं होतं मला माहीत नाही, पण येणाऱ्या मुलासाठी त्यांना करता येण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. मी म्हणालो, "छान झालं, अण्णा."

तेव्हापासून आमचा शनिवार ठरून गेला. सकाळी मी कचेरीत गेलो की अण्णा वाटीत तेल घेऊन खाली उतरत. दुपारी मी परतलो की ते जेवून झोपलेले असत. मग मी मनूताईंच्या जिन्याखाली लपवलेली बादली काढायचो, धुण्याचा सोडा पाण्यात कालवायचो आणि चारही टायर घासून टाकायचो. मनूताई दारात तांदूळ निवडत बसायच्या.

"सकाळी मोठे काका, दुपारी धाकटे. एवढे लाड माझ्या पोरांचे झाले असते तर बॅरिस्टर झाली असती."

"मनूताई, अण्णांना बोलू नका."

"मी कशाला बोलू. मला फुकटचं नाटक आहे, आठवड्याच्या आठवड्याला."

यातली गंमत मला उशिरा कळली. सोड्याने धुतलेलं रबर वाळलं की पांढुरकं, भेगाळ दिसे. पुढच्या शनिवारी अण्णा ते बघत आणि काळजीत पडत. "अरे, टायर फार कोरडे पडतायत. तेल कमी पडतंय बहुतेक." आणि ते आणखी तेल लावत. मग मी आणखी सोडा घेई. जसं तेल वाढलं तसा सोडा वाढला, जसा सोडा वाढला तसं तेल. आषाढ असाच गेला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, केळेवाडीकडून कधी सभेतल्या घोषणा ऐकू येत, आणि छपराखाली आम्ही बापलेक एकमेकांच्या पाठीमागे एकमेकांचं काम पुसत होतो. एकाला वाटत होतं तेलाने मूल सुखरूप येईल, दुसऱ्याला वाटत होतं तेल काढल्याने. कुमुद वर खिडकीत बसून वाती वळत असायची. तिने खाली बघितलं की मी बादली चाकामागे सरकवायचो.

कळा सुरू झाल्या त्या शनिवारीच.

मी कचेरीतून आलो तेव्हा मनूताई जिन्यात कुमुदला धरून उभ्या होत्या. पाऊस असा होता की समोरची वाडी दिसत नव्हती. टॅक्सीसाठी दोघांना पाठवलं होतं, ती मिळाली नव्हती. आणि अण्णा कोट-टोपी घालून, छत्री बगलेत धरून गाडीशी ताठ उभे. त्यांनी दार उघडून ठेवलं होतं. छपराखाली चारही टायर पाण्यातून वर आलेल्या म्हशीच्या पाठीसारखे चमकत होते.

"आज दोनदा लावलंय," अण्णा म्हणाले. "म्हटलं, आजचा दिवस वेगळा आहे."

मला आठवतं, माझ्या कानात ट्रामची घंटा वाजायला लागली. फाटक, फाटकाबाहेर रूळ. मी कुमुदकडे बघितलं. तिने ओठ आवळून धरले होते. "अहो, निघायचं ना?" ती म्हणाली.

मी जिन्याखाली वाकून बादली ओढली.

"हे काय करतोयस?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा." माझा आवाज चोरासारखा झाला. "तेलाने गाडी घसरते. तेल काढायला हवं."

अण्णा बादलीकडे बघत राहिले. तिच्यात गेल्या शनिवारचा ब्रश होता, सोड्याची पुडी होती. त्यांनी ती नीट पाहून घेतली. मग त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, कोट काढून मनूताईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "सोड्याने तेल सुटतं, पण रबर मरतं. म्हणून कोरडे पडायचे होय." ते वाडीच्या बंबाशी गेले, पळीभर नव्हे, चांगली घमेलंभर राख घेऊन आले, नारळाची काथ्याची शेंडी घेतली आणि माझ्या समोरच्या चाकाशी उकिडवे बसले. "समईचं तेल कशाने काढतात? तुझी आई कशाने काढायची? घास राखेने. चल, हात चालव."

आम्ही दोघे घासत होतो. त्यांचा श्वास लागला होता, माझाही. कुमुद मागच्या सीटवर बसली होती. एक कळ येऊन गेली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला आधी कण्हणं वाटला. ती हसत होती.

"मला दोघांचंही माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या शनिवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला? तुम्ही दोघं कशात तरी गुंतला होतात. नाहीतर दोघंही माझ्याकडेच बघत बसला असतात." मग पुढची कळ आली आणि ती म्हणाली, "आता पुरे करा."

अण्णा माझ्या शेजारी बसले. राखेने काळे झालेले हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते, देवळातून प्रसाद घेऊन निघाल्यासारखे. फाटकाशी मी ब्रेक लावून पाहिला. गाडी थांबली. भायखळ्याच्या पुलावर पाणी पन्हळीसारखं उतरत होतं. लालबागच्या वळणावर मी रूळ आडवे कापले, आणि कापतो न कापतो तोच मिरच्यांची पोती लादलेली एक हातगाडी गल्लीतून समोर आली. ओढणाऱ्याने डोक्यावर गोणपाटाचं किलतान घेतलं होतं, त्याला बाजूचं दिसत नव्हतं.

मी ब्रेक लावला. गाडी थांबली.

त्या माणसाने वळूनही पाहिलं नाही. त्याला काही घडलंय हे कळायचं कारणच नव्हतं. पोती हलत डुलत पलीकडे गेली. मी स्टिअरिंग धरून बसलो, आणि मागून कुमुद म्हणाली, "चला ना आता."

कचेरीत मी आजवर इतके कागद वाचले, पण हे वाक्य मला कधी वाचायला मिळालेलं नाही. रस्ता ओला होता, ब्रेक लावला, गाडी थांबली. मिळणारही नाही. थांबलेल्या गाडीचा कागद कोण करतो? अशी किती चाकं रोज या शहरात वेळेवर थांबत असतील आणि कोणाच्या ध्यानातही येत नसेल. काळजी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे दुःख असतंच. त्याची काळजी खरी ठरली तर अनर्थ, आणि फळाला आली तर काहीच दिसत नाही.

काल काडीची परीक्षा झाल्यावर आज सकाळीच मी जयंतीभाईंकडे गेलो. काच बसवलेली आहे. मी त्यांना त्या "तुम्ही लोक"बद्दल कधीचं बोलायचं म्हणतो. आज म्हटलं, "जयंतीभाई, मागे मी एकदा..." त्यांनी टायर दाबून बघत मला थांबवलं. "सायब, मुंबई तुमची झाली ना? आता तरी जरा हसा." ते मऊ टायर तीन वर्षं टिकले हे ऐकून त्यांनी विचारलं, "अभ्यंगानं?" आणि तोच नागमोडी चिरांचा माल काढून दिला. जाताना म्हणाले, नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो, चार दिवस सांभाळून चालवा, तो झिजू दे.

गाडी छपराखाली लावून मी काडी घातली. गुल पुरता बुडाला. तरी सोमवारचं मनातून जाईना. चार दिवस सांभाळून, म्हणाले होते, आणि आज शुक्रवार.

वरून अण्णांची हाक आली. आता ते जिना उतरत नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि बेबी त्यांच्या पायाशी खेळते.

"आणलेस का टायर? कसे दिसतायत?"

"नवे आहेत, अण्णा. जरा गुळगुळीत आहेत वरून."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दोरीला बांधलेली, भाजीसाठी आम्ही वापरतो ती टोपली हिंदकळत खाली उतरली. तिच्यात वाटीभर राख होती आणि काथ्याची शेंडी. मी उकिडवा बसून कोऱ्या टायरांना राख लावू लागलो. दुसऱ्या चाकापर्यंत माझे तळहात काळे झाले, रेषारेषांतून, अगदी तसेच.

त्या दिवशी परळला मूल रडलं तेव्हा अंधार पडायचा होता. दाराबाहेरच्या बाकावर आम्ही दोघे बसलो होतो. अण्णांनी हात अजून मांडीवर उताणेच ठेवले होते, धुवायला उठलेच नव्हते. नर्स मूल घेऊन आली, मुलगी म्हणाली, आणि अण्णांनी पुढे होऊन एका बोटाने तिच्या गालाला नुसता स्पर्श केला. गालावर काळा ठिपका उमटला. राखेचा, रबराचा, तेलाचा.

"अहो आजोबा, काय हे हात," म्हणत नर्सने कापूस ओला केला आणि मुलीला आत नेलं. दार उघडंच होतं. कुमुदने बाळ कुशीत घेतलं, गालाकडे बघितलं आणि नर्सचा हात धरला.

"पुसू नका," ती म्हणाली. "तीट लागलीय तिला."